शांत ट्रेनर, टिकाऊ ट्रेनर : घरातल्या सायकलिंगविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. रस्त्यावरच्या सायकलींऐवजी घरात सायकल चालवण्याच्या साधनांविषयी, म्हणजे ट्रेनरविषयी, विचारणा होऊ लागते. या वेळी जळगाव, भुसावळ, शिरपूर, शहादा आणि अमळनेर येथून आलेले प्रश्न घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण इतर पत्रांतल्या बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : जळगावात एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. पहाटे महामार्गाच्या कडेने सायकल चालवत असे. पण ट्रकची वर्दळ आणि एप्रिलनंतर सकाळी आठपासूनच लागणाऱ्या झळा यांमुळे आता घरातच स्मार्ट ट्रेनर घ्यावा असे ठरवले आहे. खालच्या मजल्यावर घरमालक काका-काकू राहतात. काकांची झोप सावध आहे, आणि मला व्यायामाला वेळ मिळतो तो पहाटे पाचला. दुकानदार एका ट्रेनरचा आवाज साठ डेसिबलपेक्षा कमी असल्याचे सांगतात. एवढ्याने काकांची झोप मोडेल का? कोणत्या प्रकारचा ट्रेनर घ्यावा?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : यंत्राच्या आधी आपण काकांच्या झोपेचा विचार केलात, हे फार चांगले केलेत, आणि निवडीची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी. साठ डेसिबल हा आकडा ट्रेनरजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कानाचा आहे. खालच्या खोलीत काय ऐकू येईल, हे त्यावरून फारसे कळत नाही.

आधी आकड्याचा अर्थ पाहू. डेसिबलची मोजणी सरळ बेरजेसारखी चालत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाज आपल्याला साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणून ६० आणि ७० यांतला फरक कागदावर लहान दिसला तरी खोलीत मोठा असतो. समोरासमोर बसून केलेले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास भरते. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे, आणि या नियमांतली रात्र १० वाजता सुरू होऊन सकाळी ६ वाजता संपते. आपली पहाटे पाचची वेळ रात्रीतच मोडते. ही मर्यादा परिसरातल्या आवाजासाठी आहे, बंद खोलीतल्या यंत्रासाठी नाही. तरी शेजारधर्माचा मापदंड म्हणून ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. उत्पादक आपला आकडा ठरावीक वेगाला आणि ठरावीक अंतरावरून मोजतात, आणि हा वेग व हे अंतर प्रत्येकाचे सारखे असतेच असे नाही. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे नुसते शेजारी ठेवून तुलना करू नये. मोजणी कशी झाली हे दुकानदाराला विचारावे. त्यांना सांगता आले नाही, तर तो आकडा बाजूला ठेवून ट्रेनर प्रत्यक्ष चालवून ऐकावा.

ट्रेनरचा आवाज घरात दोन वाटांनी पसरतो. एक वाट हवेची : चेनची खसखस, टायरची घरघर, पंख्याचा वारा. दार लावले, पडदे ओढले की तो बराच अडतो. दुसरी वाट जमिनीची : ट्रेनरच्या पायांतून थरथर फरशीत उतरते, फरशीतून स्लॅबमध्ये जाते आणि खालच्या खोलीच्या छतातून मंद घुमघुमीच्या रूपाने बाहेर पडते. ही दुसरी वाट डेसिबलच्या आकड्यात धरलेलीच नसते. आपल्या खोलीत यंत्र अगदी शांत वाटते आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते, असे घडते ते यामुळेच. चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, ५० दातांची असेल आणि आपण मिनिटाला ९० फेरे मारत असाल, तर सेकंदाला ७५ दात चेनमध्ये गुंततात, म्हणजे ७५ हर्ट्झचा खर्जातला स्वर तयार होतो. आणि खर्जातले आवाज भिंतीला किंवा स्लॅबला सहज दाद देत नाहीत.

आता प्रकारांकडे वळू. व्हील-ऑन ट्रेनरमध्ये सायकलचे मागचे चाक तसेच राहते आणि टायर एका लहान रोलरवर दाबला जातो. डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारात मागचे चाक काढून ठेवतात, सायकलचा मागचा भाग थेट यंत्रावर चढवतात आणि चेन यंत्रावरच बसवलेल्या कॅसेटवर, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, घेतात. स्मार्ट म्हणवणाऱ्या दोन्ही प्रकारांत रोध, म्हणजे पेडल मारताना जाणवणारा जडपणा, फोनवरच्या ॲपच्या सूचनेप्रमाणे कमी-जास्त होतो आणि आपण लावलेली शक्ती वॉटमध्ये मोजली जाते किंवा अंदाजली जाते. आवाजाच्या दृष्टीने दोहोंत मोठे अंतर आहे. व्हील-ऑनमध्ये टायर आणि रोलर यांच्या घर्षणाचा आवाज वेगाबरोबर चढत जातो, आणि नक्षीदार, खोल गोट्यांचा टायर असेल तर तो असह्य होतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये हा आवाज मुळातच नसतो. २०१२ साली वाहू कंपनीचा किकर आला आणि त्यानंतर ही पद्धत रूढ होत गेली. त्यात पट्ट्याने फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवणारे जड चाक, फिरते आणि विद्युतचुंबक त्याला रोध देतो. टॅक्स कंपनीच्या निओ मालिकेत पट्टाच नाही. तिथे मोटर थेट आसावर काम करते. एलिट, जेटब्लॅक यांचेही डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर मिळतात. दोन्ही रचना चांगल्या शांत आहेत, इतक्या की शेवटी ऐकू येतो तो आपल्याच सायकलच्या चेनचा आवाज.

म्हणून आपल्या परिस्थितीत डायरेक्ट ड्राइव्हच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सर्वांत महागड्या मॉडेलची गरज नाही. किकर कोअरसारख्या मधल्या श्रेणीतले ट्रेनरही शांततेत फारसे मागे नसतात. वरच्या श्रेणीसाठी मोजलेले जादा पैसे बहुतांशी मापनाची अचूकता, चढाची नक्कल आणि अशाच इतर सोयींसाठी जातात. वाचलेल्या पैशांतला थोडा भाग जमिनीवर खर्च केलात तर काकांना त्याचा जास्त उपयोग होईल.

जमिनीवर खर्च म्हणजे काय, तेही सांगतो. ट्रेनर खोलीच्या मधोमध ठेवू नये. स्लॅब मध्यभागी सर्वांत जास्त लवतो, आणि भिंतीजवळ किंवा तुळईच्या वर कमी. काकांची झोपायची खोली नेमकी कुठे आहे हे विचारून घ्यावे आणि तिच्या डोक्यावर ट्रेनर येणार नाही अशी जागा निवडावी. त्या जागी आधी व्यायामशाळेत वापरतात तशा जाड रबरी लाद्या अंथराव्यात, त्यांवर सायकल आणि ट्रेनर दोन्ही मावतील एवढा जाड प्लायवूडचा तक्ता ठेवावा, आणि तक्त्यावर ट्रेनरसाठी मिळणारी चटई. तक्त्यामुळे वजन एका-एका पायावर न पडता सगळ्या रबरावर सारखे पसरते आणि रबराला आपले काम करता येते. तक्त्याची कड कुठेही भिंतीला टेकू देऊ नये, नाहीतर थरथर भिंतीतून उतरते. योगासनांची पातळ चटई एवढ्या वजनाखाली चेपून जाते, तिचा उपयोग होत नाही. घरात आहे म्हणून कापसाची गादी खाली घालण्याचा मोह होतो, तोही टाळावा. ती असमान दबते, ट्रेनर डुलतो, आणि उभे राहून पेडल मारताना तोल जाण्याची भीती असते.

तिसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. बहुतेक स्मार्ट ट्रेनरमध्ये अर्ग नावाची पद्धत असते. त्यात आपण १५० वॉट ठरवले, तर कोणत्याही गिअरमध्ये यंत्र रोध जुळवून १५० वॉटच घेते. मग मोठ्या चेनरिंगवर राहण्याचे कारण उरत नाही. पुढे ५० आणि मागे १५ दातांऐवजी पुढे ३४ आणि मागे १७ दात घेतले, तर तेवढ्याच पेडलिंगला फ्लायव्हील ४० टक्के सावकाश फिरते. आवाज आणि थरथर दोन्ही उतरतात. पहाटेच्या व्यायामासाठी हा नियमच करावा. चेनही स्वच्छ हवी. आपल्याकडच्या काळ्या जमिनीची धूळ तेलात मिसळून चेनवर बसते आणि कुरकुर वाढवते. रस्त्यावरून आणलेली सायकल पुसल्याशिवाय ट्रेनरवर चढवू नये.

चौथी गोष्ट पंख्याची. शांत ट्रेनर आणला आणि शेजारी उभा पंखा पूर्ण वेगात लावला, तर खोलीतला सर्वांत मोठा आवाज पंख्याचाच होतो. शक्य असल्यास भिंतीवर बसवलेला, मोठ्या पात्यांचा पंखा मध्यम वेगावर चालवावा.

हे सगळे झाल्यावर काकांना भेटून एका संध्याकाळी चाचणी घ्यावी. आपण वेगवेगळ्या गिअरमध्ये पेडल मारावे आणि घरातल्या एखाद्याने खाली काकांच्या खोलीत बसून ऐकावे. दुकानात ट्रेनर कितीही शांत वाटला असला, तरी त्या स्लॅबखाली काय ऐकू येते हे या चाचणीतच कळेल. दुकानदार चार दिवसांत परत घेण्याची सवलत देत असतील, तर तसे बिलावर लिहून घ्यावे.

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेत नोकरी करतो. ड्युटीच्या वेळा ठरलेल्या नसतात, म्हणून बाहेरचा सायकलिंग ग्रुप जमत नाही. क्वार्टर तळमजल्यावर आहे, आवाजाची अडचण नाही. पण वीज मधूनच जाते, आणि यंत्र बिघडले तर दुरुस्तीला कुठे नेणार ही चिंता आहे. एक जण वापरलेला डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर विकत आहे. घ्यावा का?
— एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : विश्वासार्हतेचा विचार करताना ट्रेनरमध्ये काय बिघडू शकते, हे आधी डोळ्यांसमोर आणावे. पट्टा सैल होतो किंवा घसरतो, बेअरिंग झिजते, फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो फिरता भाग) अडकतो, वेग मोजणारा सेन्सर चुकतो, अडॅप्टर जळतो, सर्किट बोर्ड दगा देतो. यांपैकी बेअरिंग आणि फ्रीहब आपल्या भागातला चांगला सायकल मेकॅनिकही हाताळू शकतो. अडॅप्टर त्याच व्होल्टेजचा, पुरेशा अँपिअरचा आणि तशाच पिनचा मिळाला तर बदलता येतो. बोर्ड आणि सेन्सर मात्र कंपनीच्या सेवा केंद्रावरच अवलंबून असतात, आणि ती बहुधा मोठ्या शहरांत असतात. म्हणून नवा ट्रेनर घेताना ब्रँडच्या नावाआधी तीन गोष्टी विचाराव्यात : भारतातला अधिकृत वितरक कोण, पट्टा आणि अडॅप्टर सुटे मिळतात का, आणि वॉरंटीच्या काळात नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर सहज पंधरा-वीस किलोचा असतो. कुरिअरचा खर्च लहान नसतो. मूळ खोका आणि आतला थर्मोकोल जपून ठेवावा, कारण फ्लायव्हीलसारखा जड भाग साध्या खोक्यात घातला तर वाटेतच नुकसान होते. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राला भारतात वॉरंटी मिळेलच असे धरून चालू नये.

विजेचे म्हणाल, तर अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले आहे का ते पाहावे आणि तो चांगल्या स्पाइक गार्डमधून जोडावा. विद्युतचुंबकाने रोध देणाऱ्या बऱ्याच ट्रेनरमध्ये वीज जाताच रोध एकदम ढिला पडतो. अशा वेळी जोरात, उभे राहून पेडल मारत असाल तर पाय घसरून इजा होऊ शकते. वीज जाण्याचा भरवसा नसेल तिथे उभे राहून जोर लावणे टाळावे किंवा ट्रेनर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा. घरचा वाय-फाय राउटरही त्याच लाइनवर हवा, नाहीतर यंत्र चालू आणि ॲप बंद अशी स्थिती होते. टॅक्स निओची रचना या बाबतीत वेगळी आहे : तो पेडलच्या शक्तीतून आपली वीज स्वतः निर्माण करू शकतो, त्यामुळे भिंतीतली वीज नसतानाही त्याचा रोध चालतो. किंमत जास्त असली तरी भारनियमनाच्या गावात या गुणाला मोल आहे.

वापरलेला ट्रेनर घ्यायला हरकत नाही, मात्र तो किमान वीस मिनिटे स्वतः चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पट्ट्याची आणि बेअरिंगची कुरबुर यंत्र तापल्यावर उघड होते, थंड यंत्र चांगलेच वाटते. आधी विजेशिवाय, सायकल न लावता कॅसेट हाताने फिरवावी. खरखर लागली किंवा आस बाजूला हलला तर बेअरिंग गेले आहे. मग ॲपला जोडून स्पिनडाउन नावाचे कॅलिब्रेशन करावे, म्हणजे ठरावीक वेगापर्यंत नेऊन पेडल सोडून द्यायचे आणि यंत्र थांबायला किती वेळ लागतो ते ॲपला मोजू द्यायचे. हे कॅलिब्रेशन वारंवार अयशस्वी होत असेल तर व्यवहार सोडून द्यावा. घामाने गंजलेले स्क्रू आणि पांढरी खारट पुटे दिसली, तर मालकाने यंत्र पुसण्याचीही तसदी घेतली नव्हती असे समजावे. आसाचे सगळे जोडभाग, मूळ अडॅप्टर आणि बिल मागून घ्यावे.

जोडणीची एक बाब राहिली. ट्रेनर ब्लूटूथच्या एफटीएमएस या खुल्या मानकावर चालतो का, हे नक्की पाहावे. २०१७ मध्ये स्वीकारलेल्या या मानकामुळे ट्रेनर एकाच कंपनीच्या ॲपला बांधलेला राहत नाही. झ्विफ्ट, रूव्ही, मायवूश यांपैकी कोणतेही वापरता येते. झ्विफ्टला दरमहा वर्गणी लागते, मायवूश विनामूल्य आहे. व्यायाम चालू असताना जोडणी तुटत असेल, तर अनेकदा दोष यंत्राचा नसतो : घरातल्या दुसऱ्या फोनने ब्लूटूथची जोडणी आधीच पकडलेली असते. त्या फोनमधले ॲप बंद करावे.

प्रश्न : माझ्याकडे सात गिअरची हायब्रिड सायकल आहे. मागचे चाक नटाने बसवलेले आहे. विक्रेता म्हणतो, कोणताही ट्रेनर बसेल. खरे आहे का?
— एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : खरे नाही, आणि पैसे देण्यापूर्वी विचारलेत हे बरे झाले. सात गिअरच्या बऱ्याच सायकलींना मागे आट्यांवर घट्ट बसणारे फ्रीव्हील असते. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर असतो तो खाचांचा फ्रीहब, आणि त्यावर सरकवून बसते ती कॅसेट. आपले फ्रीव्हील काढून ट्रेनरवर लावता येणार नाही. त्याऐवजी सात गिअरची कॅसेट वेगळी विकत घ्यावी आणि ती बसवताना फ्रीहबवर ४.५ मिलिमीटरची कडी घालावी. फ्रीहब अकरा गिअरच्या मापाचा असेल तर आणखी १.८५ मिलिमीटरची एक कडी लागते. या दोन कड्या न घातल्यामुळे कॅसेट डगडगते आणि दोष ट्रेनरला दिला जातो. सात गिअरची कॅसेट मिळाली नाही तर आठचीही थोड्या तडजोडीने चालते. आठमध्ये दोन चकत्यांमधले अंतर ४.८ मिलिमीटर आणि सातमध्ये ५ मिलिमीटर असल्याने एक-दोन गिअर कुरकुरतील.

आता मागच्या फाट्याचे माप. चाक काढून दोन्ही बाजूंच्या आतल्या कडांमधले अंतर पट्टीने मोजावे. १३० किंवा १३५ मिलिमीटर आले तर बहुतेक ट्रेनरसोबतचे जोडभाग चालतात. नव्या डिस्क ब्रेकच्या सायकलींना १४२ किंवा १४८ मिलिमीटरचा, १२ मिलिमीटर जाडीचा आरपार आस असतो आणि त्याचे जोडभाग वेगळे असतात. व्हील-ऑन घ्यायचा झाला, तर आपल्या साध्या नटांना ट्रेनरची पकड नीट बसणार नाही. त्यासाठी खास आकाराचे नट मिळतात, ते सोबत मागावेत, आणि मागे गुळगुळीत टायर लावावा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असल्यास चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये. पॅड एकमेकांना चिकटतात. मध्ये पुठ्ठ्याची घडी किंवा कंपनीची प्लास्टिकची पाचर ठेवावी.

डायरेक्ट ड्राइव्हची किंमत आपल्या सायकलीच्या किमतीहून जास्त भरण्याची शक्यता आहे. विद्यार्थिदशेत एवढा खर्च करण्याआधी चांगला व्हील-ऑन पुरेसा आहे का, याचा विचार करावा. आवाजाची सक्त अडचण नसेल तर तो पुरतो.

प्रश्न : पावसाळ्यानंतर तोरणमाळचा घाट सायकलने चढण्याची आम्हा काही मित्रांची इच्छा आहे. ट्रेनरवर त्याची तयारी होईल का? १६ टक्क्यांपर्यंतच्या चढाची नक्कल करणारा ट्रेनर घ्यावा की २० टक्क्यांचा?
— एक वाचक, शहादा

उत्तर : तयारी होईल, आणि १६ टक्क्यांचा पुरेसा आहे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. तिथे कसोटी लागते ती सलग चढाची, एखाद्या क्षणाच्या तीव्र चढाची नाही. आपले आणि सायकलीचे मिळून वजन ८५ किलो धरले, तर ८ टक्के चढावर ताशी ८ किलोमीटर वेग राखायला साधारण १६० वॉट लागतात. एवढी शक्ती न थांबता तासभर लावता येणे, ही खरी तयारी. अर्ग पद्धतीत आधी दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत, मध्ये विश्रांती घ्यावी, आणि आठवड्यागणिक तुकडे लांबवावेत. झ्विफ्टमध्ये ट्रेनर डिफिकल्टी नावाची सोय सुरुवातीला निम्म्यावर ठेवलेली असते, त्यामुळे ८ टक्क्यांचा चढ पायाला ४ टक्क्यांचा वाटतो. लागणारी एकूण शक्ती तीच राहते, पण कोणता गिअर पुरेल याचा अंदाज चुकतो. घाटाच्या तयारीसाठी ती पूर्ण करावी, म्हणजे आपल्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर घाटात पुरणार की नाही हे घरीच कळेल.

अचूकतेच्या आकड्यांनी गोंधळून जाऊ नये. २०० वॉटवर अधिक-उणे १ टक्का म्हणजे २ वॉट, २.५ टक्के म्हणजे ५ वॉट, आणि ५ टक्के म्हणजे १० वॉट. आपल्या कामासाठी रोज सारखेच मोजणारे यंत्र हवे. त्यासाठी दहा मिनिटे चालवून यंत्र तापल्यावर कॅलिब्रेशन करावे, आणि व्हील-ऑन असेल तर टायरमधली हवा दर वेळी सारखी ठेवावी. उतारावर सायकल सांभाळणे, ओल्या वळणावर ब्रेक लावणे, हे मात्र ट्रेनर शिकवत नाही. त्यासाठी मित्रांबरोबर आधी एखादा जवळचा लहान घाट करून यावा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आमचे घर धाब्याचे, जुने आहे; वर लाकडी माडी आहे आणि तीच मोकळी असते. मे महिन्यात तिथे कूलर लावून ट्रेनर चालवला तर चालेल का? घरात चार वर्षांचा नातू आहे, त्याचीही काळजी वाटते.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : माडीवर ट्रेनर ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. लाकडी तक्तपोशी पेडलच्या तालावर झुलते, खालच्या खोलीत माती झडते, आणि जुन्या तुळयांचे बळ किती उरले आहे हे नुसते पाहून कळत नाही. खाली, जमिनीवरची खोली निवडावी. जाड मातीच्या भिंती आणि धाब्याचे छत यांमुळे ती दुपारीही सिमेंटच्या घरापेक्षा थंड राहते, आणि थरथर जमिनीतच जिरते. जमीन सारवलेली असेल तर समतल तक्ता मात्र घालावाच लागेल.

उष्णतेचा हिशेब लक्षात घ्यावा. पेडलवर १०० वॉट पोहोचवताना शरीर सुमारे ३०० ते ४०० वॉटची उष्णता निर्माण करते, कारण आपल्या स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. आणि ते १०० वॉटही ट्रेनरमध्ये शेवटी उष्णताच होतात. रस्त्यावर ही उष्णता वारा वाहून नेतो, बंद खोलीत ती साठत जाते. म्हणून कूलर लावताना समोरची खिडकी किंवा दार उघडे असायला हवे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की त्याचे पाणी बंद करून नुसता पंखा वापरावा, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. कूलरचे पाणी आणि ट्रेनरचा अडॅप्टर एकमेकांपासून लांब ठेवावेत. हँडलवर जुना पंचा टाकावा आणि व्यायामानंतर सायकल पुसावी. घामाच्या मिठाने हँडलचे बोल्ट आतून गंजतात. पहाटेची वेळ सर्वांत चांगली. चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा येणे यांपैकी काहीही जाणवले तर लगेच उतरून सावलीत बसावे, पाणी घ्यावे. रक्तदाबाची गोळी चालू असल्यास सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

नातवाच्या बाबतीत तडजोड नको. पेडल थांबल्यावरही फ्लायव्हील काही वेळ फिरत राहते, आणि चेन व कॅसेट यांमध्ये लहान बोट सहज सापडते. व्हील-ऑनमध्ये फिरता टायर आणि रोलर यांचा धोका त्याहून मोठा आहे, म्हणून आपल्या घरी झाकलेल्या फ्लायव्हीलचा डायरेक्ट ड्राइव्हच यावा. ट्रेनर चालू असताना खोलीच्या दाराला आतून कडी असावी, आणि व्यायाम झाल्यावर अडॅप्टर काढून पेडल एका दोरीने फ्रेमला बांधून ठेवावे, म्हणजे तो हाताने फिरवून पाहू शकणार नाही.